जानेवारीच्या भाकड दिवसांत आश्वे-मांद्र्याला लाट मिळेल का?

पुण्याहून एकांनी विचारलं आहे, ते थोडक्यात असं. ऑक्टोबरात ते पेडण्याच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकले. फेसाच्या लाटेवर आरामात उभं राहता येतं, न फुटलेली हिरवी लाट दहातून दोनदा लागते. आता जानेवारीच्या शेवटी चार दिवसांची रजा आहे. ॲपवर आश्वे आणि मांद्र्यासमोर रोज ०.४ ते ०.६ मीटर दिसतंय आणि एकाही दिवसाला चांदणी नाही. तिकीट रद्द करावं का? दुसरं म्हणजे, '०.५ मीटर, १३ सेकंद' आणि '०.७ मीटर, ६ सेकंद' यांत बरं कुठलं?

मी याच पट्ट्यात शिकवते आणि रोज सकाळी पाण्यात उतरण्याआधी हेच आकडे बघते. माझ्या मते तुम्ही प्रश्न थोडा चुकीच्या जागी धरलाय. जानेवारीत 'लाटा आहेत का' असं विचारलं तर उत्तर जवळजवळ नेहमीच 'नाहीत' येतं. विचारायचं ते हे, की या चार दिवसांत सकाळचे दोन तास असे सापडतील का, जेव्हा थोडीशी लाट, योग्य पाणी आणि जमिनीकडचा वारा तिन्ही एकत्र येतील. ते पुष्कळदा सापडतात. ॲपवरच्या चांदण्या मात्र ते दाखवत नाहीत, कारण त्या मोठ्या लाटेला दिलेले गुण असतात. फोमचा आठ-नऊ फुटी बोर्ड घेऊन शिकणाऱ्या माणसाचा विचार त्यात नसतो.

आधी हा काळ भाकड का, ते समजून घ्या. आपल्याकडे पावसाळा सोडून जी चांगली लाट येते ती इथली नसतेच. ती विषुववृत्ताच्या पलीकडे, दक्षिण हिंदी महासागरात, ४० ते ५० अक्षांशांच्या वादळी पट्ट्यात तयार होते. जानेवारीत तिकडे उन्हाळा. वादळं कमी जोराची असतात आणि त्यांची वाटही आणखी दक्षिणेला सरकलेली असते. त्यामुळे आपल्यापर्यंत पोचतं ते उरलंसुरलं. त्यातही सरळ दक्षिणेकडून आलेली लाट मालदीवच्या रांगेत बरीचशी अडते. नैर्ऋत्येकडे झुकलेली, म्हणजे ॲपवर साधारण २०० ते २२० अंश दाखवणारी, मालदीवच्या पश्चिमेकडून मोकळी वर येते. म्हणून मी उंचीच्या आधी दिशा बघते. १८५ अंशांवरचे ०.६ मीटर आणि २१० अंशांवरचे ०.६ मीटर किनाऱ्यावर सारखे उतरत नाहीत.

ही लाट लांबून येते, याचा एक मोठा फायदा आहे. खोल पाण्यात लाटांचा समूह किती वेगाने पुढे सरकतो ते त्यांच्या पीरियडवर, म्हणजे लागोपाठच्या दोन लाटांमधल्या सेकंदांवर, ठरतं. १४ सेकंदांची लाट दिवसाला साधारण ९४० किलोमीटर कापते, १६ सेकंदांची हजाराच्या थोडी वर. तो वादळी पट्टा आपल्यापासून सहा-सात हजार किलोमीटरवर. म्हणजे वादळ झाल्यापासून आपल्याकडे लाट लागेपर्यंत सहा-सात दिवस जातात. तुम्ही तीन आठवडे आधी आकडे बघताय, तेव्हा ज्या वादळाची लाट तुमच्या रजेत येणार ते अजून जन्मालाही आलेलं नाही. त्या आकड्यांना काही अर्थ नाही. निघायच्या सहा दिवस आधी बघा. तोपर्यंत तिकडे जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं, लाट वाटेत असते आणि मॉडेलला फक्त तिचा प्रवास मोजायचा असतो. म्हणून दक्षिणेच्या लाटेचा सहा दिवसांचा अंदाज मी मानते. स्थानिक वाऱ्याचा अंदाज मात्र दोन दिवसांपलीकडे मी गंभीरपणे घेत नाही.

अशी लाट येऊ लागते तेव्हा आधी लांब पीरियडची येते. आलेखावर एखाद्या दिवशी अचानक '०.२ मीटर, १८ सेकंद' अशी क्षुल्लक ओळ दिसली तर तिला हसू नका. ती मागून येणाऱ्या वरातीची पहिली माणसं. पुढच्या दीड-दोन दिवसांत पीरियड १५, १४, १३ असा उतरत जातो आणि उंची वाढते. आपल्याला हवे ते तास याच उतारावर असतात.

आता तुमचा दुसरा प्रश्न. '०.५ मीटर, १३ सेकंद' आणि '०.७ मीटर, ६ सेकंद' यांची ताकद कागदावर जवळपास सारखी निघते. उंचीचा वर्ग गुणिले पीरियड असा ढोबळ हिशेब केलात तर पहिलीला सव्वातीन आणि दुसरीला तीनच्या जरा खाली. पण पाण्यात फरक मोठा. १३ सेकंदांच्या लाटेची लांबी खोल समुद्रात सुमारे २६० मीटर असते, त्यामुळे सव्वाशे-एक मीटर खोलीपासूनच तिला तळ जाणवायला लागतो. ती हळूहळू वळते, आखडते आणि किनाऱ्यापाशी उभी राहते. समोरून सरळ आली तर अर्ध्या मीटरची मीटरभर होऊन फुटू शकते. आपल्याकडे ती तिरकी येते, वळता वळता पसरून थोडी विरते. तेव्हा मांडीपर्यंत, सेटमधली (एकापाठोपाठ येणाऱ्या मोठ्या लाटांच्या गटातली) एखादी कमरेपर्यंत, एवढी अपेक्षा ठेवा. पण दोन लाटांमध्ये तेरा सेकंद आहेत. बोर्ड फिरवायला, चार हात मारायला, उठायला वेळ मिळतो. सहा सेकंदांच्या लाटेला तळ लागतो तो तीसेक मीटर खोलीच्या आत. ती तुटक येते, एकीवर दुसरी चढते, आणि नवशिक्याला श्वास घेऊ देत नाही. हिरवी लाट शिकायची असेल तर पहिली. फेसात उभं राहायचा सराव एवढाच हेतू असेल तर दुसरीही चालते.

ही दुसरी, आखूड लाट येते कुठून? हिवाळ्यात ती बहुतेक वायव्येकडून येते. इराण-पाकिस्तानवरून पश्चिमी झंझावात सरकला की त्याच्या मागे अरबस्तानाच्या बाजूने शमाल नावाचा जोरदार वायव्य वारा सुटतो. तो उत्तर अरबी समुद्र ढवळतो आणि त्याची सहा ते आठ सेकंदांची लाट दोनेक दिवसांत रत्नागिरी, मालवण, गोवा अशी खाली उतरते. २३ जानेवारी २०२२ ला मुंबईच्या हवेत अचानक धूळ भरली होती, गाड्यांवर पांढरा थर बसला होता, ते आठवत असेल. ती अशाच वायव्य वाऱ्यावर समुद्र ओलांडून आलेली धूळ होती. म्हणून पेपरात 'उत्तरेत थंडीची लाट, पश्चिमी झंझावात' असं वाचलं की मी दोन दिवसांनी आखूड, तिरक्या, भरपूर लाटा येतील असं धरून ठेवते. मोसमातल्या सर्वांत सपाट आठवड्यात पाण्यात जीव आणणारी बऱ्याचदा हीच असते. तिचा त्रास एवढाच, की ती किनाऱ्याला उत्तरेकडून तिरकी लागते आणि तुम्हाला सतत दक्षिणेकडे वाहून नेते. वीस मिनिटांत बघाल तर तुमची छत्री कुठच्या कुठे राहिलेली असते. अशा दिवशी बाहेर या, वाळूवरून उत्तरेला चालत जा, पुन्हा उतरा. पाण्यातून वर वल्हवत जायचा अट्टहास केलात तर हात पहिल्या तासातच संपतील.

इथवर समुद्राचं झालं. माझ्या मते हिवाळी भाकडपणात वाळूचाही तेवढाच हात आहे आणि याबद्दल ॲपला काहीच माहीत नसतं. पावसाळ्यात लाटा किनाऱ्याची वाळू ओढून आत नेतात आणि तिथे तिची लांबट रांग, म्हणजे बार, बनतो. ऑक्टोबरात तुम्ही शिकलात तेव्हा हा बार ताजा होता. लाट त्यावर दूर फुटत होती आणि तुम्हाला लांब, सौम्य सवारी मिळत होती. त्यानंतर शांत समुद्र ती वाळू परत किनाऱ्याकडे ढकलत राहतो. जानेवारीपर्यंत बराचसा बार येऊन किनाऱ्याला चिकटलेला असतो. पुळण रुंद आणि कडेला उतरती होते. मग पाणी भरलेलं असताना तीच अर्ध्या मीटरची लाट कुठेच न फुटता आत येते आणि शेवटी काठावर धपकन आदळते. तिच्यावर सवारी होत नाही, आणि नाकावर पडलात तर वाळू कडक असते. म्हणून 'ऑक्टोबरातही ०.६ च होतं की' ही तुलना करू नका. आकडा तोच असला तरी खालची जमीन बदललेली आहे.

तरीही बार सगळीकडे सारखा चिकटत नाही. आश्व्याला खडकांच्या आजूबाजूला वाळूचे उंचवटे टिकतात. मांद्र्याला खाडीचं पाणी जिथे समुद्राला मिळतं त्याच्या आसपास एखादी जागा शाबूत असते, जरी हिवाळ्यात खाडीचा जोर कमी झालेला असला तरी. हरमलला उत्तरेच्या टोकाला डोंगर आहे, त्याच्या आडोशाला वायव्य वारा कमी लागतो. पाणी स्वच्छ मिळतं पण लाटही बारीक होते. केरीला तेरेखोलच्या मुखापाशी आणि मोरजीला शापोऱ्याच्या मुखापाशी बार सुंदर दिसतात. तिथे ओहोटीचं पाणी नदीतून बाहेर खेचत असतं, तेव्हा तुमच्या पातळीवर नको. यंदा नेमका कुठला उंचवटा चालतोय हे दर पंधरा दिवसांनी बदलतं. त्यामुळे इथल्या कुणाला फोन कराल तर 'लाटा आहेत का?' असं विचारू नका, त्याला सगळे 'आहेत, या' म्हणतात. 'काल सकाळी सात ते नऊ कुठे फुटत होती आणि पाणी चढतं होतं की उतरतं?' असं विचारा. ज्याला याचं उत्तर देता येतं तो काल पाण्यात होता.

पाण्याची वेळ हा माझ्या निर्णयातला सर्वांत मोठा भाग. वर सांगितलेल्या कारणाने जानेवारीत पूर्ण भरतीला इथे बहुतेक ठिकाणी काही होत नाही. सुकतीच्या, म्हणजे पूर्ण ओहोटीच्या, आगेमागे, विशेषतः सुकतीनंतर पाणी चढायला लागल्यावरचे दीड-दोन तास, लाट जरा बाहेर, सपाट वाळूवर फुटते. त्याच वेळी वारा जमिनीकडून हवा. हिवाळ्यात पहाटेपासून साधारण दहापर्यंत मतलई वारा असतो, तो लाटेचा चेहरा नीट उभा धरतो. अकरा-बारापर्यंत खारा वारा सुटतो आणि दुपारभर वायव्येकडून सगळं विस्कटून टाकतो. म्हणजे सुकती सकाळी सात ते नऊच्या दरम्यान यायला हवी.

ती कधी येते हे कोळ्यांच्या जुन्या हिशेबाने बोटावर काढता येतं. तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनला भरती आणि नऊला सुकती. हा हिशेब मुंबईकडचा, गोव्यात पाणी थोडं आधी फिरतं. तेव्हा शुद्ध असो की वद्य, तृतीया ते षष्ठी या सकाळी आपल्या कामाच्या. पौर्णिमा-अमावस्येला सुकती पहाटे अंधारात होऊन जाते, उजाडताच उतरलात तर तासाभराचं चढतं पाणी मिळतं. अष्टमीला भांग असतं, पाणी फार हलतच नाही आणि सुकती येते ती दुपारच्या तोंडावर, वारा सुटल्यावर. दशमीच्या सकाळी तर ऐन सात-साडेसातला पाणी भरलेलं. नेमक्या वेळेसाठी मुरगावचा भरती-ओहोटीचा तक्ता बघाच, कारण दिवसातल्या दोन भरत्या आपल्याकडे सारख्या उंचीच्या नसतात. पण रजा कधी टाकायची हे ठरवायला कॅलेंडरवरची तिथी पुरते, आणि ती वर्षभर आधी कळते. लाटेबद्दल एवढ्या आधी कळणारी ही एकच गोष्ट आहे. म्हणून रजा दोन-तीन दिवस इकडेतिकडे करता येत असेल तर आधी तिथीप्रमाणे हलवा.

आता मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं ते सांगते. तुमचं वजन, पोहण्याची ताकद आणि सोबत कोण आहे यावर यातलं थोडं बदलेल. निघायच्या सहा दिवस आधी बघितलं आणि नैर्ऋत्येकडून अर्धा मीटर किंवा जास्त, १२ सेकंद किंवा जास्त, आणि त्या दिवसांत तृतीया-षष्ठी, असं जुळलं तर डोळे मिटून यायचं. लाट तेवढीच पण तिथी अष्टमी-दशमीची असेल तर यायचं, पण चारांपैकी दोनच दिवस पाण्याचे धरायचे. दक्षिणेचं काहीच नाही आणि वायव्येचे ०.७-०.८ मीटर, ७ सेकंद असतील, तर फेसातला सराव, वल्हवणं आणि उठणं पक्कं करायला ते चांगलं आहे. हिरव्या लाटेची आशा मात्र ठेवू नका. दोन्हीकडून ०.४ च्या खाली आणि पीरियड ८-९ च्या आत असेल तर सर्फिंगसाठी म्हणून येऊ नका. गोव्याला यायला हरकत नाही, ती वेगळी गोष्ट.

आकडे वाचताना एक काळजी घ्या. ॲपवरचा ठळक आकडा पुष्कळदा सगळ्या लाटांची मिळून झालेली उंची असते, वाऱ्याच्या खळबळीसकट. त्याच्या आत जाऊन पहिला स्वेल (दुरून आलेली लाट), दुसरा स्वेल आणि वाऱ्याची लाट वेगवेगळी बघा. हैदराबादच्या इन्कॉईस या सरकारी सागरी माहिती केंद्राचे समुद्रस्थितीचे अंदाज आपल्या किनाऱ्यासाठी निघतात, तेही सोबत ठेवा. बहुतेक मॉडेलं समुद्राचे दहा ते पंचवीस किलोमीटरचे चौकोन करून हिशेब करतात. आश्वे आणि मांद्रे त्यात एकाच चौकोनात येतात, म्हणून दोन्हीचे आकडे सारखे दिसले की 'दोन्हीकडे सारखंच आहे' असा अर्थ काढू नका.

किनाऱ्यावर पोचल्यावर निदान वीस मिनिटं बसून बघा. भाकड दिवसांत सेट लांब अंतराने येतात. मध्ये दहा-पंधरा मिनिटं तळ्यासारखं पाणी, मग तीन-चार लाटा, पुन्हा शांत. लोक पाच मिनिटं बघतात, 'सपाट आहे' म्हणतात आणि चहाला जातात. ॲपवरची उंची ही सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते, सेटमधली मोठी लाट तिच्या दीडपट सहज निघते. त्या तीन-चार लाटा कुठे फुटतात ती जागा किनाऱ्यावरच्या माडाशी किंवा शॅकशी जुळवून ठेवा आणि उतरून तिथेच थांबा. लाट दिसली म्हणून इकडून तिकडे पळालात तर प्रत्येक सेटला चुकीच्या जागी असाल.

बोर्ड मोठाच घ्या. नऊ फुटी फोम मिळाला तर उत्तम. ऑक्टोबरात आठ फुटीवर जमलं म्हणून आता साडेसात मागणारे दरवर्षी भेटतात. बारीक लाटेला ढकलायची ताकद नसते, ती कमतरता बोर्डच्या आकारमानाने भरून काढावी लागते. वेटसूट नको, जानेवारीतही पाणी २७-२८ अंश असतं. उन्हासाठी रॅशगार्ड मात्र घाला. सुकतीला पाणी उथळ असतं, तेव्हा पडताना आडवे, सपाट पडा. डोकं खाली घालून उडी नको, आणि वर येताना एक हात डोक्यावर. इतक्या सकाळी चौकीवर जीवरक्षक आलेले नसण्याची शक्यता असते, म्हणून एकटे उतरू नका.

दोन गोष्टी इथल्या लोकांसाठी. सकाळी रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणारे असतील तर त्यांच्या दोरापासून लांब राहा, दोन्ही टोकांच्या मधल्या पाण्यात तर शिरूच नका. तो त्यांचा रोजगार आहे आणि तुमच्या लीशचा (पायाला बोर्ड बांधणाऱ्या दोरीचा) त्यात गुंता झाला तर धोका तुम्हालाच. आणि नोव्हेंबर ते एप्रिल मोरजी-आश्वे-मांद्र्याच्या पट्ट्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. कुंपण घातलेल्या जागांवरून बोर्ड ओढत नेऊ नका. अंधारात लवकर पोचलात तर टॉर्चचा झोत वाळूवर फिरवू नका.

रजा पुढे ढकलता येत असेल तर मार्चचा उत्तरार्ध बघा. तोवर दक्षिण गोलार्धात शरद ऋतू सुरू होतो, वादळं जोर धरतात आणि १३-१५ सेकंदांची लाट आठवड्याआड यायला लागते. खारा वारा मात्र तेव्हा लवकर सुटतो आणि जास्त जोरात असतो, त्यामुळे साडेनऊपर्यंत आवरावं लागेल. एप्रिल-मेमध्ये कधी कधी अशीच दूरची लाट अति मोठी होऊन येते, वर निळं आकाश, वारा नाही आणि किनाऱ्यावर पाणी आत शिरतंय. केरळात त्याला कल्लक्कडल म्हणतात. इन्कॉईस तिचा इशारा आधी देते. तो इशारा लागू असेल त्या दिवशी तुमच्या पातळीच्या माणसाने पाण्यात उतरायचं नाही, मग ॲपवर पाचही चांदण्या का असेनात.